रिशेल्यूमधील सतराव्या शतकातील हवेली विक्रीला आहे : घर, बाग आणि भिंत यांपैकी आधी काय तपासावे?

अनघा_तूर

नमस्कार. आम्ही पती-पत्नी नोकरीनिमित्त फ्रान्समधील तूर या शहरात राहतो. तूरच्या नैर्ऋत्येला रिशेल्यू नावाचे, दोन हजारांहून कमी वस्तीचे गाव आहे. तेथील मुख्य रस्त्यावरची एक जुनी हवेली मागच्या भिंतबंद बागेसह विक्रीला निघाली असून ती घ्यावी असा आमचा गंभीर विचार चालू आहे. निर्णय मोठा आहे, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

आधी गावाविषयी थोडे सांगते, कारण त्याशिवाय घर समजणार नाही. हे गाव हळूहळू वाढलेले नाही. तेराव्या लुईचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशेल्यू याने १६३१ मध्ये राजाची परवानगी मिळवून आपल्या घराण्याच्या जहागिरीत ते आखून घेतले. आराखडा झाक ल मेर्सिए या वास्तुविशारदाचा होता. आयताकृती तट, त्याबाहेर खंदक, मधून जाणारा एक सरळ रस्ता आणि त्या रस्त्यावर दोन चौक, अशी ही रचना आजही पायी फिरताना स्पष्ट कळते. मोठ्या रस्त्यावर एकाच धाटणीच्या २८ हवेल्या आहेत. ठरलेल्या नमुन्याप्रमाणे बांधणाऱ्यांना जमीन आणि करमाफी मिळत असे, त्यामुळे कार्डिनलच्या मर्जीतील अधिकारी आणि सावकार येथे घरे बांधायला पुढे आले. १६४२ मध्ये कार्डिनल वारला आणि गावाची भरभराट खुंटली. शेजारचा त्याचा भव्य राजवाडा एकोणिसाव्या शतकात दगडासाठी पाडला गेला, गाव मात्र जवळजवळ जसेच्या तसे राहिले.

आम्ही पाहिलेले घर रस्त्याच्या पूर्वेला आहे. घोडागाडी आत येईल एवढ्या दरवाजातून अंगणात जायचे आणि अंगणातून मागच्या बागेत. भिंती पांढऱ्या त्युफो दगडाच्या, छप्पर स्लेटचे, खाली भाजक्या मातीच्या जुन्या फरशा. बाग अरुंद व लांब असून तिला उत्तर, पूर्व आणि दक्षिण अशा तीन बाजूंनी माणसाच्या डोक्यावरून जाणारी दगडी भिंत आहे. उत्तरेच्या भिंतीला पेअरची जुनी झाडे सपाट पसरवून बांधलेली आहेत. पूर्वेच्या भिंतीचा एक भाग पोट काढून बाहेर आलेला दिसतो, आणि दक्षिणेच्या भिंतीवर कोणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला आहे. घर सध्या वारसांच्या सामाईक मालकीत आहे.

घर दाखवणारे दिवाणखाना आणि शेकोट्या यांविषयीच बोलत राहिले. मला मात्र या मिळकतीचा खरा जीव बागेत आणि तिच्या भिंतींत आहे असे वाटते, आणि नेमके त्याविषयी कोणी काही सांगत नाही. काय विचारावे, कोणाला विचारावे?

पॅरिसकर

अनघाताई, विषय चांगला काढलात. भिंतीविषयी येथे माझ्यापेक्षा अधिक जाणणारी मंडळी आहेत, म्हणून मी व्यवहाराच्या क्रमापुरते लिहितो. फ्रान्समध्ये जुने घर घेताना कोणता प्रश्न कधी विचारायचा हे फार महत्त्वाचे ठरते.

आपण देऊ केलेली किंमत मान्य झाली की दोन्ही पक्ष 'कोंप्रोमी द व्हाँत' हा प्राथमिक करार करतात. तो सही करून हाती आल्यावर घेणाऱ्याला माघारीसाठी १० दिवस मिळतात आणि त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. विकणाऱ्याला अशी मुभा नाही. करारावेळी सहसा किमतीच्या ५ ते १० टक्के रक्कम नोतेरकडे, म्हणजे मिळकतीचे दस्त करणाऱ्या कायदेशीर अधिकाऱ्याकडे, ठेवावी लागते. त्यानंतर अंतिम दस्त होईपर्यंत साधारण तीन महिने जातात, कारण त्या काळात नोतेर मालकीची साखळी, बोजे आणि वहिवाटीचे हक्क तपासतो, आणि जेथे नगरपालिकेला अग्रक्रयाचा (म्हणजे इतरांआधी स्वतः विकत घेण्याचा) हक्क आहे तेथे तिच्या उत्तरासाठी दोन महिन्यांची मुदत असते. आपल्या अटी त्या प्राथमिक करारातच लिहून घ्याव्यात. कर्ज मंजूर न झाल्यास करार रद्द होईल ही अट नेहमीची आहे, परंतु भिंतीच्या मालकीचा खुलासा किंवा सीमेची मोजणी अशी अटही घालता येते. अंतिम दस्ताच्या दिवशी हे मुद्दे काढले तर फार उशीर झालेला असतो.

येथील फारच थोड्या नवख्या लोकांना ठाऊक असणारी एक गोष्ट म्हणजे, विकणाऱ्याचा नोतेर असला तरी आपण आपला स्वतंत्र नोतेर नेमू शकता आणि त्याने आपला खर्च वाढत नाही, कारण ठरलेले शुल्क दोघांत वाटले जाते. जुन्या घरावर हा एकूण खर्च किमतीच्या ७ ते ८ टक्के येतो. घर समजा ४,००,००० युरोंचे असेल, तर २८,००० ते ३२,००० युरो वेगळे काढून ठेवावे लागतील. त्यातला मोठा वाटा नोतेरचा नसून सरकारी कराचा असतो.

विकणाऱ्याने द्यायच्या तपासणी अहवालांत १९४९ पूर्वीच्या घरासाठी शिशाची तपासणी, १५ वर्षांहून जुन्या वीज व गॅस जोडणीची तपासणी, जिल्हा प्रशासनाने जाहीर केलेल्या भागात वाळवीचा अहवाल आणि ऊर्जावापराची श्रेणी यांचा समावेश असतो. यांपैकी एकही अहवाल बागेच्या भिंतीविषयी अवाक्षर काढत नाही. म्हणूनच तुमचा प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे.

वास्तुजतन

मी पुण्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो आणि शिक्षणाच्या काळात तुमच्याच भागातील लुआर नदीच्या खोऱ्यातील दगडी बांधकामावर काम केलेले आहे. त्युफो हा फार मऊ चुनखडक आहे. ताजा काढलेला दगड करवतीने कापता येतो, म्हणूनच त्या खोऱ्यातील राजवाड्यांवर इतके नाजूक कोरीवकाम झाले. त्याच्या आकारमानाचा जवळजवळ निम्मा भाग सूक्ष्म छिद्रांचा असतो. असा दगड पाणी शोषतो आणि हवा मिळाली तर ते सोडूनही देतो. त्याचे आयुष्य या देवघेवीवरच अवलंबून आहे.

आता दक्षिणेच्या भिंतीवरच्या सिमेंटकडे पाहा. सिमेंट कडक आणि बऱ्याच अंशी बंद असते. जमिनीतून चढलेले किंवा माथ्यावरून शिरलेले पाणी गिलाव्यातून बाहेर पडू शकत नाही, ते दगडातच साठते, क्षार पृष्ठभागामागे जमा होऊन स्फटिक धरतात आणि थंडीत त्या पाण्याचा बर्फ होतो. काही वर्षांत दगडाचा दर्शनी पापुद्रा सुटतो आणि आतला भाग भुगा होऊन गळू लागतो. बाहेरून गिलावा ठणठणीत दिसत असताना आत हे चाललेले असते, हीच त्यातली धोक्याची बाब आहे. हलक्या हाताने ठोकून पाहा; जेथे पोकळ आवाज येईल तेथे खडूने खूण करा आणि त्या जागांची छायाचित्रे घ्या. गिलावा काढून चुन्याच्या मसाल्याने दरजा भरणे हाच उपाय आहे, पण ते काम माहितगार गवंड्याकडूनच करून घ्यावे, कारण घाईने सिमेंट उपटताना दगडही त्याबरोबर निघतो.

पूर्वेच्या भिंतीने पोट काढले आहे हे मी अधिक गंभीर मानतो. जुनी बागेची भिंत बहुधा दोन थरांची असते: दोन्ही बाजूंना नीट लावलेले दगड आणि मध्ये चुरी-मातीची भर. माथ्यावरचे आच्छादन फुटले की पाणी मधल्या भरीत उतरते, भर धुपून खाली बसते आणि बाहेरचे थर एकमेकांपासून सुटतात. म्हणून प्रथम माथा पाहा. तेथे चपट्या दगडाचे वा कौलांचे आच्छादन सलग आहे का, आयव्हीची मुळे आत शिरली आहेत का, हे तपासा. आयव्ही असेल तर ती ओढून काढू नका. बुंधा कापून वेल पूर्ण वाळू द्या आणि मगच काढा. दुसरे म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंची जमीन समपातळीत आहे का ते पाहा. पिढ्यान्‌पिढ्या खत-माती पडून एका बाजूची जमीन हात-दीड हात वर आलेली असते, आणि मग आडोशासाठी बांधलेली भिंत मातीचा रेटा अडवू लागते. त्या कामासाठी ती बांधलेलीच नसते.

परवानगीचाही विचार करावा लागेल. रिशेल्यूचे जुने गाव संरक्षित वारसा क्षेत्रात येते. या व्यवस्थेचे मूळ ४ ऑगस्ट १९६२ च्या मालरो कायद्यात आहे. अशा ठिकाणी खिडक्यांच्या चौकटी, छपराची स्लेट, दरवाजाचा रंग आणि बागेच्या भिंतीची दुरुस्ती या सर्वांसाठी नगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो, आणि त्यावर सरकारी वारसा वास्तुविशारदाचा होकार बंधनकारक असतो. प्लास्टिकच्या खिडक्या मिळणार नाहीत हे गृहीत धरूनच खर्चाचा अंदाज बांधा. मला स्वतःला हे बंधन जाचक वाटत नाही. सगळ्या मालकांना आपापल्या मनाप्रमाणे बदल करू दिले असते, तर आज विकत घेण्याजोगे रिशेल्यू उरलेच नसते.

अनघा_तूर

वास्तुजतन सर, मनापासून आभार. पूर्वेच्या भिंतीपलीकडची जमीन खरोखरच आमच्या बाजूपेक्षा खाली आहे, हे आता लक्षात येते. पण मग पुढचा प्रश्न असा, की दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा? भिंत आमची, शेजाऱ्याची की दोघांची, हे कसे ठरते?

दस्तऐवज

अनघाताई, पुदुच्चेरीत वकिली करताना फ्रेंच दिवाणी संहितेशी माझा जवळून संबंध आला. तेथील फ्रेंच वस्तीतल्या घरांनाही अशाच उंच भिंती आहेत आणि भांडणेही त्यांवरूनच होतात. तुमच्या प्रश्नाचे उत्तर संहितेत बरेच तपशिलात दिलेले आहे.

कलम ६५३ प्रमाणे गावातील दोन अंगणांच्या वा बागांच्या मधली भिंत सामाईक मानली जाते, मात्र दस्तात वा भिंतीवर याच्या विरुद्ध खूण असेल तर नाही. ती खूण कोणती हे कलम ६५४ सांगते. भिंतीचा माथा एका बाजूने सरळ, उभा आणि दुसऱ्या बाजूला उतरता असेल, तर पावसाचे पाणी ज्याच्या अंगणात उतरते त्याची ती भिंत समजावी. बांधतेवेळी एकाच बाजूला दगडी पागोळी किंवा टेकू बसवलेले असतील तर तोही त्या बाजूच्या मालकीचा पुरावा आहे. म्हणजे तुम्हाला शिडी लावून वर पाहावे लागेल. माथा दोन्हीकडे उतरता आहे, की एकीकडेच? तीन भिंतींचे उत्तर तीन प्रकारचे येऊ शकते.

भिंत सामाईक निघाली तर दुरुस्ती आणि पुनर्बांधणीचा खर्च हिश्श्याप्रमाणे दोघांवर येतो. एका शेजाऱ्याला आपला हक्क सोडून खर्चातून मोकळे होण्याची सोयही संहितेत आहे. भिंत केवळ शेजाऱ्याची असेल, तर तुमच्या पेअरच्या झाडांचा प्रश्न उभा राहतो. कलम ६७१ प्रमाणे, वेगळी स्थानिक रूढी वा नियम नसल्यास, दोन मीटरहून उंच वाढणारे झाड सीमेपासून किमान दोन मीटरवर आणि बाकीची अर्ध्या मीटरवर हवीत. भिंतीला टेकवून वाढवलेल्या फळझाडांना या अंतरातून सूट आहे, पण ती माथ्याच्या वर जाता कामा नयेत, आणि भिंत सामाईक नसेल तर तिला झाडे टेकवण्याचा हक्क एकट्या मालकाचा असतो.

जमीन-नोंदीच्या नकाशावर विसंबू नका. नेपोलियनच्या काळात, १८०७ पासून, सुरू झालेली ती मोजणी करआकारणीसाठी होती. जिल्हा अभिलेखागारातील जुना नकाशा बागेचा इतिहास समजण्यासाठी अवश्य पाहा, परंतु दोन मालकांमधली सीमा पक्की करायची तर अधिकृत भूमापकाकडून मोजणी करून दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात.

आणखी एक. घर वारसांच्या सामाईक मालकीत आहे असे तुम्ही लिहिले. फ्रान्सच्या वारसा कायद्यात मुलांचा हिस्सा राखीव असतो: एक मूल असल्यास निम्मा, दोन असल्यास दोन तृतीयांश, तीन वा अधिक असल्यास तीन चतुर्थांश. त्यामुळे अशी मोठी घरे अनेक भावंडांच्या नावावर येतात, एकाला दुसऱ्याचा वाटा घेणे परवडत नाही आणि घर बाजारात येते. प्राथमिक करारावर प्रत्येक वारसाची सही, किंवा त्याने दिलेले रीतसर मुखत्यारपत्र, असल्याची खात्री करा.

परसबाग

एवढ्या गंभीर चर्चेत मी झाडांविषयी लिहिते. अशा बागेच्या भिंती केवळ आडोसा म्हणून बांधलेल्या नसतात. चौदाव्या लुईचा बागप्रमुख ला केंतिनी याने व्हर्सायला १६७८ ते १६८३ या काळात राजाची भाजी-फळबाग उभारली, तेव्हा भिंतींनी वेगवेगळे कप्पे करून प्रत्येकाची दिशा आणि ऊब वेगळी ठेवली. पॅरिसजवळच्या माँत्रय गावात तर प्लास्टर केलेल्या भिंतींच्या जाळ्यात शतकानुशतके पीच पिकवले गेले. भिंत दिवसा ऊन साठवते आणि रात्री ती ऊब फांद्यांना परत देते, त्यामुळे उघड्या शेतात न पिकणारे फळ तेथे पिकते.

तुमची उत्तरेची भिंत दक्षिणाभिमुख आहे, म्हणजे बागेतील सर्वांत मोलाची. पेअर तेथे आहेतच. लुआर खोरे हा पेअरचा मुलूख आहे. 'दुआयेने द्यु कोमिस' ही नामांकित जात आंझे शहरातच निघाली आणि तिचे पहिले फळ १८४९ मध्ये आले. जुन्या झाडांवर कुऱ्हाड चालवण्याआधी एखाद्या जाणत्या माळ्याला फळे दाखवा. दक्षिणेच्या भिंतीची तुमच्या बाजूची बाजू उत्तरेकडे तोंड करून आहे, तेथे आंबट चेरी आणि करंट नावाच्या बेरीची झुडपे चांगली येतात.

एक सावधगिरीची सूचना. बंद बागेत उतार असेल तर वसंतातल्या थंड रात्री जड, गार हवा खालच्या कोपऱ्यात साचते आणि बहर जळतो. त्या कोपऱ्यातील भिंतीत पूर्वी एखादे दार वा जाळी होती का, ती नंतर बुजवली का, हे पाहा. बागेत विहीर असेल तर तिची नोंद नगरपालिकेत आहे का तेही विचारा. २००९ पासून घरगुती विहिरींची नोंद सक्तीची आहे.

मुळा_मुठा

धागा वाचून आमच्याही मनात विचार आला. आम्ही पुण्यात राहतो. भारतात राहणाऱ्याला असे घर घेता येते का, आणि घर घेतल्यावर तेथे राहण्याचा परवाना मिळतो का?

दस्तऐवज

काका, घर घेता येते. परकीय व्यक्तीला फ्रान्समध्ये मिळकत घेण्यास आडकाठी नाही. अडचण पैसे पाठवण्याची आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. त्यात मिळकत खरेदी बसते आणि कुटुंबीयांना आपापल्या मर्यादा एकत्र करता येतात. वर्षाला १० लाख रुपयांवरील रकमेवर या कारणासाठी २० टक्के कर स्रोताशीच गोळा होतो. तो विवरणपत्रात वळता करता येतो, पण तोवर पैसा अडकतो. परदेशी मालमत्तेची नोंद दर वर्षी प्राप्तिकर विवरणपत्रात करणे बंधनकारक आहे. घरमालक झाल्याने निवासाचा हक्क मात्र मिळत नाही. अल्पकालीन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येईल. शिवाय दुसरे घर म्हणून त्यावर दोन वार्षिक कर लागतील: मालकीचा, आणि मुख्य निवासासाठी आता रद्द झालेला पण दुसऱ्या घरांवर कायम असलेला निवासकर. बाग तर वर्षभर माणूस मागते. वर्षातून तीन महिने जाणार असाल तर मी हे सुचवणार नाही.

अनघा_तूर

सर्वांच्या मार्गदर्शनाप्रमाणे आम्ही विकणाऱ्यांच्या परवानगीने शिडी लावून तिन्ही भिंतींचे माथे पाहिले. दक्षिणेचा माथा दोन्हीकडे उतरता आहे, म्हणजे ती भिंत सामाईक दिसते आणि सिमेंट काढण्याच्या खर्चाविषयी शेजाऱ्यांशी बोलता येईल. पूर्वेची भिंत आमच्याच बाजूला उतरते, तेव्हा तिच्या फुगवट्याचे काम पूर्णपणे आमच्यावर येणार. उत्तरेच्या भिंतीचा माथा मात्र शेजाऱ्याकडे उतरता आहे. पेअरची झाडे ज्या भिंतीला टेकली आहेत ती भिंतच आमची नाही!

आमच्या नोतेरबाईंनी यावर मार्ग सुचवला. कलम ६६१ प्रमाणे, भिंतीला लागून जमीन असणाऱ्याला तिच्या खर्चाची आणि तिच्याखालच्या जमिनीच्या मोलाची निम्मी रक्कम देऊन ती सामाईक करून घेता येते. शेजारी वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांना आम्ही आधीच भेटून आलो, आणि झाडे राहावीत अशीच त्यांचीही इच्छा आहे. आता उत्तरेची भिंत सामाईक करून देण्याविषयी त्यांची लेखी संमती आणि अधिकृत भूमापकाची मोजणी, या दोन अटी प्राथमिक करारात घातल्या जात आहेत. पूर्वेच्या भिंतीसाठी चुन्याचे काम करणाऱ्या गवंड्याचे अंदाजपत्रक मागवले असून ती रक्कम किमतीतून वजा करावी असा प्रस्ताव वारसांपुढे ठेवला आहे. चौघांपैकी तिघांनी होकार कळवला आहे.

वास्तुजतन

उत्तम. अंदाजपत्रकात मसाल्याचा प्रकार शब्दांत लिहून घ्या: निव्वळ चुना आणि वाळू, सिमेंट अजिबात नाही. पूर्वेच्या भिंतीला तुमच्या बागेच्या बाजूने साचलेली माती भिंतीपासून मागे घेण्याचे काम दगडाला हात लावण्यापूर्वी करा, आणि तोवर फुगलेल्या भागाला लाकडी टेकू द्या. नगरपालिकेकडचा अर्ज प्राथमिक करारानंतर लगेच, विकणाऱ्यांच्या संमतिपत्रासह, देता येतो. चुन्याचे काम गोठवणाऱ्या थंडीत करता येत नाही, तेव्हा परवानगी हिवाळ्यात हाती आली तर एप्रिलपासून कामाला लागता येईल.